बॅटरीच्या विजेवर पंखा कसा फिरतो?

आधी एक प्रयोग करू या. पण तो फक्त मनात करावयाचा, हाताने नव्हे. मोटारीत असते तशी १२ व्होल्टची एक बॅटरी घ्या आणि छताला टांगलेल्या पंख्याच्या दोन तारा तिच्या दोन टोकांना जोडा. पंखा फिरेल का? तुम्ही लगेच म्हणाल, ‘‘छे! पंख्याला २३० व्होल्ट लागतात. बारा व्होल्टांनी त्याचे काय होणार?’’ अगदी बरोबर. मग अशा १९ बॅटऱ्या एकापुढे एक जोडू. एकोणीस गुणिले बारा म्हणजे २२८ व्होल्ट झाले. आता तरी पंखा फिरेल का?

आताही तो फिरणार नाही. उलट त्याचे वेटोळे तापू लागेल आणि थोडा वेळ तसेच ठेवले, तर जळूनही जाईल. मात्र त्याच बॅटऱ्यांना तारेचा जुना दिवा जोडला, तर तो नेहमीसारखाच लखलखीत पेटेल. विजेचा दाब तोच, तारा त्याच. मग दिव्याला जे चालते ते पंख्याला का चालत नाही? या एका प्रश्नाचे उत्तर सापडले, की घराच्या कोपऱ्यात गुणगुणत बसलेली इन्व्हर्टरची पेटी नेमके काय करते, हे तुम्हाला आपोआप समजेल.

दोन अडचणी

बॅटरीतून निघणारा विद्युतप्रवाह नेहमी एकाच दिशेने वाहतो. त्याला आपण एकदिश प्रवाह म्हणतो. घरातल्या तारांमधला प्रवाह तसा नसतो. तो एकदा पुढे जातो, मग मागे येतो, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. असे पूर्ण एक आवर्तन होण्यास २० सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने होतात. हीच आपल्या देशातील विजेची वारंवारता: ५० हर्ट्झ. या प्रवाहाला प्रत्यावर्ती प्रवाह असे नाव आहे.

तारेच्या दिव्याचे काम केवळ तापण्याचे आहे. प्रवाह पुढे गेला काय आणि मागे आला काय, तार तापतेच. पंख्याची गोष्ट निराळी. त्याच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहामुळे फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते क्षेत्र पंख्याला आपल्याबरोबर ओढत नेते. प्रवाहाने दिशा बदलणे थांबवले, की क्षेत्राचे फिरणेही थांबते. शिवाय बदलत्या प्रवाहाला वेटोळे जो विशेष विरोध करते, तो एकदिश प्रवाहाला होत नाही. त्यामुळे प्रवाह फार वाढतो आणि वेटोळे तापते.

म्हणजे बॅटरी आणि पंखा यांच्यामध्ये दोन अडचणी आहेत. दाब वाढवावयाचा आहे, आणि प्रवाहाची दिशा सतत पालटावयाची आहे. गंमत अशी, की दुसरी अडचण सोडवली की पहिलीचे उत्तर जवळजवळ फुकट मिळते. कसे ते पाहू.

फॅरडेचे लोखंडी कडे

२९ ऑगस्ट १८३१ या दिवशी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे एका लोखंडी कड्यावर प्रयोग करीत होता. कडे सुमारे सहा इंच व्यासाचे होते. त्याच्या एका बाजूला त्याने तारेचे एक वेटोळे गुंडाळले होते आणि दुसऱ्या बाजूला दुसरे. दोन्ही वेटोळी एकमेकांना कोठेही टेकत नव्हती. पहिल्या वेटोळ्याला त्याने बॅटरी जोडली. त्याच क्षणी दुसऱ्या वेटोळ्याच्या तारेजवळ ठेवलेली चुंबकसुई हलली, आणि पुन्हा जागेवर येऊन स्थिर झाली. बॅटरी जोडलेलीच होती, प्रवाह वाहतच होता, पण सुई हलेना. बॅटरी काढताच मात्र ती पुन्हा एकदा हलली; या वेळी उलट दिशेने.

याचा अर्थ स्पष्ट होता. दुसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते ती चुंबकत्व बदलत असताना. स्थिर चुंबकत्वाचा काही उपयोग नाही.

आपल्या गल्लीच्या टोकाला खांबांवर बसवलेले रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर, हे फॅरडेच्या त्या कड्याचेच मोठे भावंड आहे. एका वेटोळ्यात २० वेढे आणि दुसऱ्यात ३८४ वेढे दिले, तर पहिल्याला मिळणारा १२ व्होल्टचा दाब दुसऱ्यात सुमारे २३० व्होल्ट होतो. मात्र अट एकच: पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह सतत बदलता हवा. बॅटरी नुसती जोडून ठेवली, तर रोहित्र मुकाट बसते आणि तापते. म्हणून सगळा प्रश्न एका जागी येऊन थांबतो: बॅटरीचा प्रवाह उलटसुलट कसा करावयाचा?

येथे एक सोपा प्रयोग तुम्ही खरोखर करू शकता. काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यात एक छोटे होकायंत्र ठेवा. खोक्याभोवती वार्निश लावलेल्या तांब्याच्या तारेचे वीस-पंचवीस वेढे द्या. तारेची टोके खरवडून घ्या आणि टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. सुई एका बाजूला वळेल. आता सेल उलटा धरून तारा टेकवा. सुई दुसऱ्या बाजूला वळेल. तुमचा हात येथे इन्व्हर्टरचेच काम करीत आहे! फक्त तारा फार वेळ टेकवून ठेवू नका. सेल तापतो आणि लवकर संपतो. आणि सेकंदाला शंभर वेळा सेल उलटा करणे कोणाच्याच हाताला शक्य नाही, हेही लक्षात घ्या.

रवीची दोरी

ताक घुसळताना तुम्ही पाहिले असेल. रवीभोवती दोरीचे वेढे दिलेले असतात आणि दोरीची दोन टोके दोन हातांत असतात. आजी एकदा उजवे टोक आपल्याकडे ओढते, एकदा डावे. नीट पाहा: दोन्ही हात दोरी आपल्याकडेच ओढतात, दोरी ढकलण्याचा प्रश्नच नाही. तरीही रवी एकदा इकडे फिरते आणि एकदा तिकडे.

साध्या इन्व्हर्टरची रचना अशीच असते. रोहित्राच्या पहिल्या वेटोळ्याच्या बरोबर मध्यातून एक तार बाहेर काढलेली असते. ती बॅटरीच्या धन टोकाला जोडतात. वेटोळ्याची दोन्ही टोके दोन स्वतंत्र स्विचांतून बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली असतात. पहिला स्विच चालू केला, की प्रवाह मध्यापासून उजव्या टोकाकडे वाहतो आणि लोखंडी गाभ्यात एका दिशेचे चुंबकत्व येते. पहिला बंद करून दुसरा चालू केला, की प्रवाह मध्यापासून डाव्या टोकाकडे वाहतो आणि चुंबकत्वाची दिशा पालटते. बॅटरीच्या आतून प्रवाह आधीसारखा एकाच दिशेने निघत असतो; फक्त त्याची वाट बदलते. गाभ्यातले चुंबकत्व मात्र रवीसारखे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे होत राहते. आणि चुंबकत्व बदलले, की फॅरडेच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या वेटोळ्यात २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब हजर!

आता समजा, आजीने दोरीची दोन्ही टोके एकदम ओढली, तर काय होईल? रवी जागच्या जागी अडकेल आणि सगळा ताण दोरीवर येईल. इन्व्हर्टरमध्येही दोन्ही स्विच एकाच वेळी चालू झाले, तर वेटोळ्याच्या दोन अर्ध्या भागांची चुंबकत्वे एकमेकांना खोडून काढतात, प्रवाहाला अडवणारे काही उरत नाही आणि बॅटरीतून प्रचंड प्रवाह सुटून स्विच जळतात. म्हणून एक स्विच बंद झाल्यावर दुसरा चालू होण्याआधी मुद्दाम काही दशलक्षांश सेकंदांचा विसावा ठेवलेला असतो.

हा हात कोणाचा?

सेकंदाला शंभर वेळा वाट बदलणारा हा हात पूर्वी लोखंडाचा होता. शाळेच्या विजेच्या घंटीतला टोला कसा थरथरतो, ते तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे. तशीच एक थरथरणारी पोलादी पट्टी मोटारीतल्या जुन्या, निर्वात नळ्यांच्या रेडिओंत बसवलेली असे. पट्टी एकदा या बाजूला टेके, एकदा त्या बाजूला. पण प्रत्येक वेळी ठिणगी उडे आणि टेकण्याच्या जागा हळूहळू झिजून जात. मोठ्या कामांसाठी बॅटरीवर एक मोटर चालवून तिच्या आसाला प्रत्यावर्ती विजेचे जनित्र जोडत. तेही चाले, पण जड, आवाज करणारे आणि सतत तेलपाणी मागणारे.

प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश प्रवाह करणारी साधने त्याआधीपासून होती. तेच काम उलटे करावयाचे, म्हणून या यंत्राला ‘इन्व्हर्टर’ म्हणजे ‘उलटे करणारा’ हे नाव पडले. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा अभियंता डेव्हिड प्रिन्स याने १९२५ साली याच नावाचा लेख लिहिला होता.

खरी क्रांती केली ती अर्धवाहकांनी. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. त्याच प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास मोहम्मद अटाला आणि डॉन कांग यांनी ‘मॉस्फेट’ नावाचा ट्रान्झिस्टर तयार केला. आजच्या घरगुती इन्व्हर्टरमध्ये बहुधा हेच मॉस्फेट असतात. त्याला तीन पाय असतात. एका पायाला थोडासा दाब दिला, की उरलेल्या दोन पायांमधली वाट मोकळी होते. दाब काढला, की वाट बंद. त्यात हलणारा भाग नाही, म्हणून झीज नाही आणि स्विचच्या टोकांवर उडणारी ठिणगीही नाही. वाट मोकळी असताना तिचा रोध ओहमच्या काही सहस्रांशांइतकाच असतो. समजा रोध ०.००५ ओहम आहे आणि प्रवाह २० अँपिअर आहे; तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे फक्त २ वॅट उष्णता निर्माण होईल. तेवढी उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी जोडलेली असते.

चौकोनी लाट आणि गोल लाट

येथपर्यंत सगळे सोपे वाटले ना? पण आपल्या यंत्राने तयार केलेल्या विजेत एक उणीव राहून गेली आहे. आलेखाच्या कागदावर ती काढून पाहा. पहिला स्विच चालू होताच दाब एकदम २३० वर जातो, तेथेच १० सहस्रांश सेकंद राहतो, मग एकदम उणे २३० वर पडतो. ही लाट किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखी चौकोनी दिसते. वीजकेंद्रातून येणारी लाट अशी नसते. ती डोंगररांगेसारखी हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. गणितात तिला साइन वक्र म्हणतात. आपल्या जुन्या गणितातला शब्द ‘ज्या’.

आता एक प्रश्न. ही गोल लाट सतत बदलते, मग ‘२३० व्होल्ट’ हा आकडा तिच्यातल्या कोणत्या जागेचा? शिखराचा? नाही. हे गणित तुम्ही स्वतः करून पाहा. ०, ३०, ६०, ९०, १२० आणि १५० अंशांच्या साइन किमती घ्या आणि त्यांचे वर्ग करा. उत्तरे येतील: ०, ०.२५, ०.७५, १, ०.७५, ०.२५. यांची बेरीज ३ आणि सरासरी ०.५. तापवण्याची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून गोल लाटेची शक्ती तिच्या शिखराइतक्या स्थिर दाबाच्या निम्मी भरते. दाब मात्र निम्मा नव्हे, तर ०.५ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे ०.७०७ पट धरावा लागतो. शिखर ३२५ व्होल्टचे असेल, तर ३२५ गुणिले ०.७०७ म्हणजे सुमारे २३०. तेव्हा आपल्या घरातील तारांतला दाब प्रत्येक आवर्तनात ३२५ व्होल्टपर्यंत चढून येतो!

चौकोनी लाटेचे शिखर मात्र २३० वरच थांबते. दिव्याला त्याने काही फरक पडत नाही. पण दूरदर्शन संच किंवा संगणक यांच्या आतला विद्युतधारक लाटेच्या शिखराइतका भरतो. त्याला ३२५ ची सवय. येथे मिळतात २३०. यावर अभियंत्यांनी एक युक्ती काढली. दाब ३२५ पर्यंत चढवावयाचा, पण ५ सहस्रांश सेकंदच, मग ५ सहस्रांश सेकंद विश्रांती, मग उणे ३२५, पुन्हा ५ सहस्रांश, पुन्हा विश्रांती. अर्धा वेळ ३२५ आणि अर्धा वेळ शून्य. वर्गांची सरासरी निम्मी, आणि तिचे वर्गमूळ पुन्हा २३०! शिखरही जमले आणि शक्तीही जमली.

पंख्याची तक्रार मात्र या युक्तीने मिटली नाही. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिए याने दाखवून दिले, की पुन:पुन्हा येणारी कोणतीही लाट अनेक गोल लाटांची बेरीज म्हणून मांडता येते. उष्णतेवरचा त्याचा ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध झाला. ५० हर्ट्झच्या चौकोनी लाटेत ५० ची गोल लाट असतेच, पण तिच्याबरोबर १५० ची, २५० ची, ३५० ची अशा लहान लहान लाटाही मिसळलेल्या असतात. पंख्याला फिरवते ती ५० ची लाट. बाकीच्या पाहुण्या लाटा त्याचे वेटोळे उगाच तापवतात आणि पत्रे थरथरवतात. चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर पंखा घुमतो, त्याचे कारण हेच.

रांजण आणि तांब्या

मग स्विच तर फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच जाणतो. त्याच्याकडून गोल लाट कशी काढावयाची? एक मोठा रांजण डोळ्यांपुढे आणा. त्यात वरून तांब्या-तांब्याने पाणी ओतले, तरी तळाच्या तोटीतून धार अखंड पडते. तांबे भराभर ओतले तर धार जोरात येते, हळूहळू ओतले तर मंद.

साइन लाटेच्या इन्व्हर्टरमधले स्विच सेकंदाला शंभर वेळा नव्हे, तर कित्येक हजार वेळा उघडझाप करतात. समजा सेकंदाला २०,००० वेळा. म्हणजे प्रत्येक उघडझापेला ५० दशलक्षांश सेकंद मिळतात. लाटेच्या पायथ्याशी त्यांतले दोन-तीनच दशलक्षांश स्विच चालू ठेवावयाचा, मग पाच, मग दहा, वीस, शिखराजवळ चाळीस-पंचेचाळीस, मग पुन्हा कमी कमी करीत शून्यावर यावयाचे. पुढच्या अर्ध्या भागात हेच उलट दिशेने. वेटोळे आणि विद्युतधारक येथे रांजणाचे काम करतात. त्यांना ही भराभर उघडझाप पुरती उमटवता येत नाही. तिची सरासरीच तेवढी बाहेर येते. आणि ती सरासरी म्हणजे सुरेख गोल लाट! कोणत्या क्षणी किती वेळ स्विच चालू ठेवावयाचा, याचे कोष्टक नखाएवढ्या चिपमध्ये साठवलेले असते.

जमाखर्च

इन्व्हर्टर वीज निर्माण करीत नाही. बॅटरीत साठलेली वीज तो फक्त निराळ्या रूपात देतो, आणि त्यासाठी थोडी दलालीही घेतो. म्हणून जमाखर्च मांडावाच लागतो.

घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ‘१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास’ असे लिहिलेले आढळते. दोन्हींचा गुणाकार १,८०० वॅट-तास. म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेत १.८ युनिट. ही झाली जमा. आता खर्च. ७५ वॅटचे दोन पंखे आणि १० वॅटचे पाच दिवे मिळून २०० वॅट. इन्व्हर्टरची दलाली धरून बॅटरीला सुमारे २५० वॅट द्यावे लागतील असे समजू. १,८०० भागिले २५० म्हणजे सात तास आणि वर काही मिनिटे. हे कागदावरचे उत्तर. प्रत्यक्षात चार-पाच तासच धरावेत. कारण प्रवाह जास्त ओढला की शिशाची बॅटरी तिच्यावर लिहिलेल्यापेक्षा कमी वीज देते, आणि तिला तळापर्यंत रिकामी करणे तिच्या आयुष्याला घातक असते.

आता तारांकडे पाहा. २३० व्होल्टच्या बाजूला २०० वॅटसाठी प्रवाह एक अँपिअरपेक्षाही कमी. पण बॅटरीच्या बाजूला २५० भागिले १२ म्हणजे जवळजवळ २१ अँपिअर! बॅटरीच्या तारा बोटाएवढ्या जाड का असतात, ते आता कळले ना? कोणी याच इन्व्हर्टरवर १,००० वॅटची इस्त्री लावली, तर बॅटरीतून १०० अँपिअरहून अधिक प्रवाह निघेल. प्रवाह पाचपट, म्हणून तारांतली उष्णता पंचवीसपट. चांगला इन्व्हर्टर अशा वेळी स्वतःच बंद पडतो; तो बिघडलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो.

वीज परत आली, की इन्व्हर्टर उलटे काम करू लागतो. तेच रोहित्र आता २३० व्होल्टचा दाब उतरवते, एकदिशकारक त्याला एका दिशेचा करतो, आणि बॅटरी भरू लागते. भरत आलेल्या बॅटरीत पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले, की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरी बंद कपाटात ठेवू नये आणि तिच्याजवळ समई, उदबत्ती किंवा काडी पेटवू नये. कमी झालेले पाणी ऊर्ध्वपातित पाण्यानेच भरावे आणि ते काम मोठ्या माणसांनी करावे; आत गंधकाम्ल असते.

खांबावरचा माणूस

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वर म्हटले, की रोहित्र उलट्या बाजूनेही चालते. गल्लीतल्या डीपीवरचे रोहित्रही त्याला अपवाद नाही. ते ११,००० व्होल्टचा दाब उतरवून आपल्याला देते. त्याला आपल्या बाजूने २३० व्होल्ट मिळाले, तर पलीकडच्या तारांत दहा हजारांच्या घरातला दाब उभा राहू शकतो.

कल्पना करा: वादळात झाड पडून तार तुटली आहे. गावाची वीज गेली आहे. वायरमन खांबावर चढला आहे. आणि कोणीतरी घरचा मुख्य स्विच चालूच ठेवून इन्व्हर्टरची किंवा जनित्राची वीज घराच्या तारांत सोडली आहे. ती वीज घरात थांबत नाही. मीटरमधून मागे, खांबाकडे जाते. एरवी शेजारच्या घरांचा भार पडून छोटा इन्व्हर्टर लगेच बंद पडला असता. पण तार तुटल्याने तो भारही पलीकडेच राहिला असेल, तर त्या निर्जीव समजलेल्या तारा जिवंत राहतात. २३० व्होल्टही माणसाचा जीव घेण्यास पुरेसे आहेत. मग दहा हजारांचे काय सांगावे? काम करण्यापूर्वी तारा जमिनीशी जोडून घेण्याचा वीजकामगारांचा नियम याचसाठी आहे.

चांगल्या इन्व्हर्टरमध्ये यासाठी एक आपोआप चालणारा दुतर्फी स्विच असतो. तो आधी बाहेरच्या तारेशी नाते तोडतो आणि मगच घराला बॅटरीची वीज देतो. दोन्ही वाटा एकाच वेळी कधीही मोकळ्या नसतात. म्हणूनच इन्व्हर्टरची जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी. छतावर सौर पॅनेल असूनही वीज गेली की घर अंधारात का बसते, असे अनेकांना वाटते. बॅटरी नसलेल्या सौरयंत्रणेचा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेल्याचे ओळखून मुद्दाम थांबतो. तो थांबतो, म्हणून खांबावरचा माणूस सुखरूप खाली उतरतो.

घरापासून लोकलपर्यंत

हे तत्त्व घरापुरतेच नाही. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी पहिली विजेची गाडी धावली, ती १,५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. तेथील उपनगरी मार्गांवर २०१६ पर्यंत २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली. नव्या पद्धतीच्या लोकलमध्ये या विजेची आधी एकदिश वीज करतात आणि मग इन्व्हर्टर तिच्यापासून हवी त्या वारंवारतेची वीज बनवतो. वारंवारता हळूहळू वाढवली, की गाडी वेग घेते. ब्रेक लावताना त्याच मोटरी जनित्रे बनतात आणि वीज तारेत परत जाते. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची एकदिश विजेची वाहिनी १९९९ साली सुरू झाली. तिचा दाब अधिक-उणे ५ लाख व्होल्ट आणि क्षमता १,५०० मेगावॅट. पडघ्याच्या टोकाला त्या विजेची प्रत्यावर्ती वीज होते, तीही एका महाकाय इन्व्हर्टरमधून.

आता तुमच्यासाठी थोडा गृहपाठ. घरातले दिवे, पंखे आणि इतर उपकरणे यांच्यावर लिहिलेले वॅट वहीत उतरवून घ्या. वीज गेल्यावर त्यांतले कोणते खरोखर हवेत ते ठरवा आणि १५० अँपिअर-तासांची बॅटरी त्यांना किती वेळ पुरेल, याचे गणित मांडा. दलाली धरावयास विसरू नका. आणि घरात इन्व्हर्टर असेल, तर वडीलधाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: बाहेरची वीज गेली, की आपली वीज बाहेर जाणार नाही, याची खात्री कोणी केली आहे का?